टिनटिन बातमी देतो तरी केव्हा?

धागालेखिका : रात्रपाळी

कॉमिक्सचा नायक टिनटिन हा पेशाने बातमीदार आहे, असे आपण सगळेच लहानपणापासून गृहीत धरत आलो आहोत. तो चंद्रावर जाऊन येतो, तस्करांच्या जहाजावर कोंडला जातो, तिबेटच्या बर्फात मित्राला शोधतो. मात्र तो कचेरीत बातमी देताना जवळजवळ कधीच दिसत नाही. ठळक अपवाद आहे तो १९२९ साली एका बेल्जियन वृत्तपत्राच्या बालपुरवणीत सुरू झालेल्या त्याच्या पहिल्याच साहसाचा. त्यात तो सोव्हिएत रशियातून कागदांचा भला मोठा गठ्ठा लिहून काढतो आणि हे सारे आता कचेरीपर्यंत पोहोचवायचे कसे, या चिंतेत पडतो. पुढे त्याच्या मागे ना वृत्तसंपादकाचा फोन, ना प्रवासखर्चाच्या बिलाची कटकट. टिनटिनचा जनक हर्जे स्वतः त्याच वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरीला होता, त्यामुळे पत्रकाराच्या आयुष्यातला नेमका कोणता भाग गाळला म्हणजे गोष्ट रंगते, हे त्याला पक्के ठाऊक असावे असा माझा संशय आहे.

मी सोलापुरातल्या एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम करते. आधी बातमीदार होते, आता बहुतेक वेळ डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पाने लावण्याच्या कामावर असते. पुस्तके, कॉमिक्स, चित्रपट आणि वेबमालिका यांत पत्रकार दिसला की मी लगेच थांबते आणि हा माणूस प्रत्यक्ष काम केव्हा करतो, हे शोधू लागते. या धाग्याचा विषय तोच आहे. करमणुकीच्या जगात पत्रकार एक तर गुपित फोडतो किंवा स्वतःला विकतो. त्याच्या नोकरीचा मोठा भाग असलेले खात्री करून घेण्याचे काम मात्र कुणी फारसे दाखवत नाही. ते काम कसे असते, हे आधी थोडे विस्ताराने सांगते.

आमचा दिवस इतरांची वृत्तपत्रे चाळण्यापासून सुरू होतो. आपल्याकडे कोणती बातमी सुटली आणि ती दुसऱ्याकडे कितव्या पानावर आली, हे चहा पोटात जाण्याआधी समजलेले बरे, कारण वरिष्ठांचा फोन चहाची वाट पाहत नाही. त्यानंतर ज्याची जी बीट, म्हणजे नेमून दिलेले बातमीक्षेत्र, असेल त्याप्रमाणे महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, शासकीय रुग्णालय अशी फेरी होते. या फेरीत बातमी मिळते ती क्वचितच. बहुतेक वेळा मिळते ते बसायला बाकडे आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर. दुपारनंतर कॉपी, म्हणजे बातम्यांचा लिहिलेला मजकूर, यायला लागते, तालुक्यांचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आणि आडवेतिडवे फोटो पाठवतात, प्रसिद्धिपत्रकांचा ढीग साचतो. श्री-लिपी या जुन्या संगणकीय टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात आणि 'कार्यकर्ते' ओळखू येईनासे होतात. करमाळा, सांगोला, अक्कलकोट अशा दूरच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती आधी सोडावी लागते, त्यामुळे रात्री उशिरा घडलेले काही त्या वाचकांना दुसऱ्या दिवशीच्या अंकात मिळत नाही. शहर आवृत्तीची पाने सुटली की कचेरीत एकदम सामसूम होते आणि त्या वेळी कुणाच्याही डोक्यात देशाचे भवितव्य नसते. कॅन्टीन बंद झाले, आता खायचे काय, हा प्रश्न असतो.

खात्री करणे म्हणजे काय, यासाठी दोन उदाहरणे देते. पहिले उजनी धरणाचे. दर उन्हाळ्यात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी आम्ही देतो आणि दर उन्हाळ्यात वाचकांचे फोन येतात, की धरणात पाणी उणे कसे असेल? उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, आहे. उपयुक्त साठा संपून पातळी मृत साठ्यात उतरली की आकड्यामागे उणे चिन्ह लागते आणि टक्केवारी काढली जाते ती सुमारे ५३ टीएमसीच्या उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने. हे एकदा समजले की सोपे आहे; परंतु सिंचन खात्याकडून आलेल्या तक्त्यातला कोणता रकाना एकूण साठ्याचा आणि कोणता उपयुक्त साठ्याचा, हे पाहिल्याशिवाय मथळा देणाऱ्या उपसंपादकाची झोप दुसऱ्या दिवशी वाचकच उडवतात.

दुसरे उदाहरण निधन वार्तेचे. आमच्या अंकातला सर्वांत बारकाईने वाचला जाणारा मजकूर अग्रलेख नव्हे, निधन वार्ता आहे. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारे शहर आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू आडनावे, अक्कलकोटकडची शिवशरणप्पा, मल्लिनाथ अशी नावे, उर्दू नावांतले नुक्ते आणि जोड, हे सारे कुणी तरी दुःखात असताना घाईने लिहून पाठवलेल्या चार ओळींतून उलगडावे लागते. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' या वाक्यात एक मुलगी गळली तर ती घरातल्या तिच्या जागेचा प्रश्न होते. म्हणून आमच्याकडे रात्री निधन वार्तेसाठी फोन केला जातो आणि करणारा माणूस तो हलक्या आवाजात करतो. हा प्रसंग मी कोणत्याही पत्रकारपटात पाहिलेला नाही.

वाचन या सगळ्यात कुठे बसते? बसत नाही, घुसवावे लागते. परीक्षणासाठी आलेली पुस्तके टेबलाच्या कोपऱ्यात रचलेली असतात. त्यांतली बरीचशी 'साभार पोच' या सदरात एका ओळीवर भागवली जातात, कारण रविवारच्या पुरवणीत जागा तेवढीच. ती पुस्तके घरी नेऊन वाचणारी आमच्या कचेरीत दोन-तीन माणसे आहेत आणि गंमत म्हणजे त्यांतला एक जण क्रीडा पानाचा आहे. मी स्वतः पाने सुटल्यावर रहस्यकथा वाचते. दिवसभर अर्धवट माहितीशी झुंजल्यावर, शेवटच्या पानावर सर्व धागे जुळणार याची हमी असलेले पुस्तक हातात असणे, ही चैन आहे आणि ती मी निःसंकोच करते.

आता मुद्द्यावर येते. खात्री करण्याचे, वाट पाहण्याचे, ऐकत राहण्याचे काम दाखवणारी कलाकृती कोणती? माझे पहिले मत 'सिंहासन'ला आहे. अरुण साधू स्वतः पत्रकार होते. त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली चित्रपट केला. खलनायक म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेल्या निळू फुले यांनी त्यात दिगू टिपणीस हा पत्रकार उभा केला. दिगू फारसे काही करत नाही, असे वरवर वाटते. तो मंत्र्यांकडे जातो, ऐकतो, परत फिरतो, पुन्हा जातो. त्याला सगळे कळते आणि त्या कळण्याचे करायचे काय, हे कळत नाही. चित्रपट संपताना तो ज्या अवस्थेला पोहोचतो, ती पाहून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने 'या माणसाने बीट बदलून मागायला हवी होती' असे म्हटले होते. थट्टा सोडली तरी बीटवरच्या माणसाला साचत गेलेल्या माहितीचे ओझे होते, ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी टिपलेली मला माहीत नाही.

इतरांची मते वाचायला आवडतील. केवळ आवडत्या चित्रपटांची यादी देऊ नये, ही विनंती. त्यात पत्रकाराचे काम कुठे दिसते, तेही लिहावे.

प्रतिसाद : गॅलीप्रूफ

धागा आवडला. मी मुंबईतल्या एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. आमची जमात तर टिनटिनच्या गोष्टीत दारावरसुद्धा उभी नसते.

मी लागलो तेव्हा खिळ्यांची जुळणी अजून पुरती गेलेली नव्हती. कंपोझिटर उलटी अक्षरे सुलट्या अक्षरांच्या वेगाने वाचत आणि लेखकाच्या लिखाणातली चूक कित्येकदा आमच्याआधी त्यांच्या लक्षात येत असे. प्रूफ पाहायला दोघे बसत. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने गॅलीवर, म्हणजे जुळलेल्या मजकुराच्या तपासणीच्या छापावर, नजर ठेवायची. स्वल्पविरामसुद्धा उच्चारून वाचायचा, आणि विधिमंडळाचे अधिवेशन चालू असले की घसा बसायचा.

वाचनाबद्दल सांगायचे, तर आमच्या छापखान्यात सर्वांत जास्त फिरत असलेली पुस्तके बाबूराव अर्नाळकरांची होती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला साहित्यिकांच्या पंगतीत पाट मिळाला नाही. पण झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तके फिरत्या वाचनालयातून आणून पाळी संपेपर्यंत चार हातांतून जात. रहस्यकथेविषयी तुम्ही लिहिले आहे त्यात मी एवढीच भर घालतो, की त्या पुस्तकांनी आमच्या लोकांना वाक्य छोटे ठेवायला शिकवले. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी ती वाचली नाहीत, हे त्यांच्या अग्रलेखांवरून दिसत असे.

करमणूक आणि वृत्तपत्र यांच्यात आज जेवढे अंतर मानले जाते, तेवढे आमच्या आधीच्या पिढीत नव्हते. आचार्य अत्रे नाटके लिहीत, चित्रपट काढत आणि वृत्तपत्रही चालवत. त्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी 'मराठा' हे दैनिक सुरू केले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे मुखपत्रच झाले. नाटकाच्या संवादाची फेक मथळ्यात आणि मथळ्याची फेक भाषणात, असा तो व्यवहार होता. त्यातला शिवराळपणा मला तेव्हाही आवडत नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद : बूममाईक

रात्रपाळीताई, 'सिंहासन'ला माझेही मत आहे. परंतु जिल्ह्यात काम करणाऱ्या पत्रकारासाठी मी 'पीपली लाइव्ह' वर ठेवेन. २०१० सालच्या या चित्रपटाच्या दिग्दर्शिका अनुषा रिझवी पूर्वी दूरचित्रवाणी पत्रकार होत्या आणि ते फ्रेमाफ्रेमांत जाणवते. सर्व जण त्यातल्या वाहिन्यांच्या तमाशाविषयी बोलतात. मी मात्र नवाजुद्दीन सिद्दिकीने केलेल्या राकेशविषयी बोलेन. तो गावचा वार्ताहर आहे. नत्था हा कर्जबाजारी शेतकरी आत्महत्या करणार, ही मूळ बातमी त्याची. मोठ्या वाहिनीची बाई दिल्लीहून येते, तेव्हा तिला रस्ता दाखवणारा, माणसे गाठून देणारा तोच. शेवटी आगीत तो मरतो आणि त्याचा मृतदेह नत्थाचा समजला जातो. ज्याची बातमी, त्याच्या मृत्यूचीही बातमी होत नाही.

मी एका मराठी वाहिनीसाठी मराठवाड्यातून काम करतो. आमच्याकडे स्ट्रिंगरला, म्हणजे पगारी नोकरीवर नसलेल्या वार्ताहराला, बातमीमागे पैसे मिळतात. बातमी चालली तर मिळतात, नाही चालली तर पेट्रोल खिशातले. दुष्काळाचे दौरे निघाले की मुंबईहून आलेले सहकारी आधी आम्हालाच विचारतात, 'भेगाळलेली जमीन जवळ कुठे मिळेल?' मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही वरून तेच सांगितलेले असते. पण जमिनीला भेगा पडण्याआधीच्या महिन्यांत टँकरची मागणी, चारा छावणीचे प्रस्ताव, विहीर अधिग्रहणाच्या याद्या तहसील कार्यालयात कशा फिरतात, हे वाचून काढणारा माणूस गावातच असतो आणि त्याचे नाव पडद्यावर येत नाही. हे वाचून काढणे दाखवणारा चित्रपट कुणी काढलाच, तर तो मी एकटाच पाहीन बहुधा.

प्रतिसाद : तिरकस

सर्वांविषयी आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. चित्रपटात डॉक्टरही केसपेपर भरताना दिसत नाही आणि पोलीसही पंचनाम्याच्या प्रती काढताना दिसत नाही. कंटाळवाणे काम गाळणे हा कथाकाराचा हक्क आहे. पत्रकारांनाच त्याचे एवढे वाईट का वाटावे?

दुसरे असे, की खात्री करण्याचे जे चित्र आपण उभे केले आहे, ते वाचक म्हणून मला रोजच्या अंकात फारसे भेटत नाही. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी भेटते. प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापलेले भेटते. 'यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते' हे वाक्य तर मला पाठ झाले आहे. पत्रकारांच्या वाचनाविषयीही माझा अनुभव चांगला नाही. साहित्य संमेलनाच्या वार्तांकनात अध्यक्षांच्या भाषणापेक्षा भोजनाच्या गैरसोयीला जास्त जागा मिळते, हे दर वर्षी पाहतो. तेव्हा पडद्यावर स्वतःला विकणारा पत्रकार दिसतो, त्यात करमणूकवाल्यांचा दोष किती आणि आरशाचा किती?

प्रतिसाद : रात्रपाळी

तिरकस यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यामागचे कारणही सांगते, कारण तेसुद्धा कोणत्याही पत्रकारपटात आलेले नाही. जिल्हा पातळीवरच्या अनेक दैनिकांत बातमीदाराला जाहिरातीचे उद्दिष्ट असते. दिवाळी अंक, वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस अशा निमित्तांनी ज्याच्याकडे सकाळी प्रश्न घेऊन जायचे, त्याच्याकडेच संध्याकाळी जाहिरातीचे पत्र घेऊन जावे लागते. मी पूर्वी ज्या कचेरीत होते तिथे हे उद्दिष्ट भिंतीवर लावलेले असे आणि बातम्यांचा हिशेब मात्र कुठेच लावलेला नसे. करमणुकीतला 'विकला गेलेला' पत्रकार एका मोठ्या पाकिटापायी विकला जातो. प्रत्यक्षात माणूस अर्ध्या पानाच्या रंगीत जाहिरातीपायी हळूहळू प्रश्न विचारायचे सोडतो. यातले दुसरे चित्र कथेच्या दृष्टीनेही अधिक गुंतागुंतीचे आहे, असे मला वाटते. कंटाळवाणे काम गाळावे की नाही, हा प्रश्न म्हणून वेगळा आहे. पंचनामा गाळला तरी प्रेक्षकाला पंचनामा असतो हे ठाऊक असते. बातमीमागे फोन, तक्ता, दुसरा स्रोत असतो, हे मात्र पुष्कळ वाचकांना ठाऊकच नाही. म्हणून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर आणि बातमी यांत फरक दिसत नाही.

भोजनाच्या गैरसोयीबद्दल : ती बातमी डेस्ककडून मागितली जाते. संमेलनाला गेलेला बातमीदार बहुतेक वेळा ग्रंथप्रदर्शनात असतो.

प्रतिसाद : चार्ल्सकाठी

मी बरीच वर्षे बॉस्टन परिसरात राहते, त्यामुळे 'स्पॉटलाइट'चे नाव मी घेणार हे उघड आहे. पण धाग्याच्या नियमाप्रमाणे काम कुठे दिसते, ते सांगते. 'बॉस्टन ग्लोब'च्या शोधपथकाने कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक अत्याचारांचे आणि ते झाकण्याच्या व्यवस्थेचे जे प्रकरण उघडकीस आणले, त्याचा कणा म्हणजे चर्चच्या वार्षिक निर्देशिका होत्या. एखादा धर्मगुरू 'आजारपणाच्या रजेवर' किंवा तशाच एखाद्या मोघम शेऱ्याखाली दाखवला आहे का, तो किती लवकर एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला गेला, हे ओळीवर पट्टी ठेवून वर्षानुवर्षांच्या निर्देशिकांतून टिपायचे आणि तक्ता करायचा. चित्रपटात हे काम पुरेसा वेळ घेऊन दाखवले आहे. माणसे तळघरात बसून जाडजूड पुस्तके चाळत आहेत, आणि तरीही पाहणारा जागचा हलत नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तिरकस यांच्या पहिल्या मुद्द्याला हे उत्तर होऊ शकेल.

या लेखमालेतला पहिला लेख ६ जानेवारी २००२ रोजी छापून आला. मराठी वाचकांना ही तारीख ओळखीची वाटेल. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी तो दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणी तरी नवीन चकित होते.

प्रतिसाद : वेताळटेकडी

मी कॉमिक्सचा माणूस आहे, इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेला. चर्चा गंभीर झाली आहे म्हणून थोडी गंमत, पण विषय सोडून नव्हे.

सुपरमॅन १९३८ सालापासून बातमीदार आहे आणि तो स्वतःच्याच पराक्रमांच्या बातम्या स्वतः देतो. पीटर पार्कर तर स्पायडरमॅनचे, म्हणजे स्वतःचे, फोटो काढून संपादकाला विकतो. संपादक जेमसन स्पायडरमॅनला रोज पहिल्या पानावर शिव्या घालतो आणि त्याच अंकासाठी पार्करकडून फोटो घेतो. हितसंबंधांचा इतका मोठा संघर्ष कोणत्याही वृत्तपत्र परिषदेपुढे आलेला नसेल. पण बूममाईक यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की पार्कर हा स्ट्रिंगरच आहे. त्याला फोटोमागे पैसे मिळतात, नोकरीची हमी नाही, भाडे थकलेले आहे आणि संपादक दर वेळी पैसे देताना कुरकुरतो. कॉमिक्सवाल्यांनी खात्री करण्याचे काम दाखवले नसेल, मानधनाची रड मात्र अगदी बरोबर दाखवली आहे.

आणखी एक नोंद. २०१२ साली आलेल्या एका अंकात क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, 'डेली प्लॅनेट' या आपल्या वृत्तपत्रातून राजीनामा देतो. बातमीच्या जागी करमणूक आली आहे, अशी त्याची तक्रार असते आणि हे सारे तो भर कचेरीत ऐकवून जातो. ज्याला पोटासाठी नोकरीची गरज नाही आणि जो उडू शकतो, त्यालाच असा राजीनामा परवडतो, असे माझ्या एका पत्रकार मित्राचे म्हणणे पडले.

प्रतिसाद : प्रथमवर्ष

मी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला वर्गात सतत 'वाचा' असे सांगितले जाते, परंतु काय वाचायचे हे कुणी सांगत नाही. येथील अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. मला चित्रपट आणि वेबमालिका यांवर लिहायचे आहे, मग महापालिकेची माहिती खरोखरच लागेल का?

प्रतिसाद : गॅलीप्रूफ

बाळ, चित्रपटावर लिहायचे आहे ना, मग लागेल. आपल्याकडे एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद का पडली, हे पडद्यावर पाहून कळणार नाही. करमणूक कर, भूखंडाचे आरक्षण, पुनर्विकासाचे नियम, मराठी चित्रपटाला मिळणाऱ्या वेळा आणि त्यावरून होणारी आंदोलने, हे सारे शासकीय कागदांत आहे. नटाची मुलाखत सर्वांकडे असते. चित्रपटगृहाच्या जागेवर काय उभे राहणार, हा कागद ज्याच्याकडे असतो त्याची बातमी पहिल्या पानावर जाते.

प्रतिसाद : रात्रपाळी

काकांशी पूर्ण सहमत. मी माझ्यापुरते सांगते. शहराविषयी लिहायचे असेल तर त्या जिल्ह्याचे गॅझेटियर वाचावे. सोलापूरचा जुना इंग्रजी खंड १८८४ सालचा आहे. ब्रिटिश अंमलदारांनी तो स्वतःच्या सोयीने लिहिला हे ध्यानात ठेवून वाचला, तर विणकर, व्यापारी आणि दुष्काळ यांची माहिती त्यात भरपूर मिळते. महापालिकेचे अंदाजपत्रक मागील दोन-तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांशेजारी ठेवून वाचावे, कारण तेच उड्डाणपूल आणि तीच नाट्यगृहाची दुरुस्ती किती वेळा नव्याने जाहीर झाली, हे तेव्हाच दिसते. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा आहे. तो मूळ मजकुरातून वाचावा, त्यावरच्या पुस्तकातून नव्हे. अर्जात प्रश्न न विचारता कागद मागायचा असतो, हे मूळ मजकूर वाचल्यावर नीट उमगते.

जुने अंकही वाचावेत. सोलापुरात राहत असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करता येईल. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज जातो. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली, हे इथल्या शाळकरी मुलांना माहीत असते. त्या चौघांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचे पत्र चालवत, म्हणजे फासावर गेलेला एक संपादक आपल्याच गावातला होता, हे मात्र पत्रकार दिनाच्या भाषणांतसुद्धा मी फारसे ऐकलेले नाही. पत्रकारावर चित्रपट काढायचा असेल तर विषय शोधायला लांब जाण्याची गरज नाही.

करमणुकीचे वाचन आणि पाहणे सोडू नका, असेही आवर्जून सांगते. ज्या वाचकासाठी आपण लिहितो तो संध्याकाळी मालिका पाहतो, रविवारी चित्रपटाला जातो, मुलांना कॉमिक्स आणून देतो. त्याची हसण्याची आणि घाबरण्याची ठिकाणे माहीत नसतील, तर उजनीचा तक्ता त्याच्या गळी उतरवता येत नाही. फक्त एक सवय लावून घ्या. चित्रपटाविषयी लिहिताना श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा आणि नावे जशी पडद्यावर आहेत तशीच उतरवून घ्या. संकलकाचे आणि ध्वनिसंयोजकाचे नाव परीक्षणात चुकले, तर ते दुरुस्त करून मागायला त्यांच्यातर्फे कुणी फोन करत नाही.

प्रतिसाद : प्रथमवर्ष

मनःपूर्वक आभार. अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळेल, की नगरसचिव कार्यालयात जावे लागेल?

प्रतिसाद : रात्रपाळी

संकेतस्थळावर आधी पाहा. तिथे मिळाले तरी नगरसचिव कार्यालयात एकदा जाऊन या. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, आणि सोबत वाचायला एखादे पुस्तक असू द्या.